वीस मिनिटं पुढे

मोबाईलवाल्यानं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि तसल्याच पिवळ्या, ओल्या बोटांनी संगीताच्या मनगटावरचं घड्याळ चाचपलं. देवसिंग राठोडला ढवळून आलं. तंबाखू, सुपारी अन् चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटला की जो आंबूस वास सुटतो, तो त्या एवढ्याशा दुकानात कोंबून भरला होता. दुकान तरी केवढं, एक खुर्ची अन् एक काच. त्या काचेवरही पिचकारीचे ठिपके. देवसिंगनं रुमाल काढून नाकाला लावला. वर्षभरापूर्वी हाच देवसिंग दिवसाला चार खर्रे रिचवायचा, हे सांगून कोणाला पटलं नसतं.

"ब्लूटूथ चालू हाय काय?" मोबाईलवाल्यानं विचारलं.

"हाय," संगीता म्हणाली.

"लोकेशन?"

"चालू हाय. बॅटरी सेव्हर बंद हाय. परमिशन सगळ्या देल्ल्या. ॲप दोनदा काढून पुन्हा टाकलं."

"मंग याले पाह्यजे न."

"येत नाई म्हणून तर आलो न गा तुह्या दारी!" देवसिंग रुमालातूनच खेकसला. "येत असतं त इथं कायले आलो असतो, तुह्या थुंकीत न्हायले?"

संगीतानं बापाचा हात दाबला. तिला हे काम करून घ्यायचं होतं, भांडण नको होतं.

काम साधंच होतं, पण त्यावर पोरीचं सगळं अडलं होतं. यवतमाळच्या एका भरती अकादमीनं जाहीर केलं होतं की पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या निवडक मुलामुलींना सहा महिने राहणं, खाणं, शिकवणं सगळं फुकट. अट एकच. तीस दिवसांत दोनशे किलोमीटर पळायचं, अन् ते अकादमीच्या ॲपवर दिसलं पाहिजे. ज्याचे दोनशे दिसतील त्यालाच मैदानी चाचणीचं बोलावणं. आज तिसावा दिवस, रविवार. संध्याकाळी सहाला यादी बंद.

संगीता एकवीस वर्षांची. रोज पहाटे बंजारा तांड्यापासून नाल्याच्या पुलापर्यंत अन् परत, मातीच्या रस्त्यानं पळायची. टाचा फुटून रक्त यायचं, तर तिची याडी, म्हणजे आई, गंगी रात्री मेण लावून द्यायची. पहिले चौदा दिवस सगळं बरं चाललं. घड्याळ तिचा भाऊ भारतनं घेऊन दिलेलं, ते त्याच्याच फोनला जोडलेलं होतं. पळून आली की नेटवर्कसाठी टेकडीवर चढायची, मग घड्याळातले किलोमीटर फोनमध्ये अन् फोनमधून ॲपवर. शहाण्णव किलोमीटर झाले. मग भारतला पुण्याच्या कंपनीत बोलावणं आलं, तो फोन घेऊन गेला. घड्याळ देवसिंगच्या फोनला जोडलं, अन् तिथून सगळं अडलं. पोरगी पळतच होती, घड्याळात किलोमीटर चढतच होते, ॲप मात्र शहाण्णववर जे बसलं ते बसलंच. रोज सकाळी फोनवर एकच ओळ यायची. 'काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.'

काहीतरी! त्या शब्दाचीच देवसिंगला शिसारी आली होती. अरे, तुमच्याच मशीनचं चुकलं, अन् काय चुकलं ते तुम्हालाच माहीत नाही? त्यानं ॲपच्या मदतीच्या नंबरवर संगीताकडून तक्रार लिहून पाठवली. तिकडून उत्तर आलं, 'तुमची अडचण ऐकून आम्हाला वाईट वाटलं,' अन् पुढे एक गुलाबी फूल. देवसिंगनं ते फूल पाहिलं अन् थू म्हणून तिथंच थुंकला. सकाळी अकादमीच्या सरांना फोन लावला, तर ते म्हणाले, "ॲपवर नाही म्हणजे पळाली नाही." घड्याळाचा फोटो पाठवतो म्हटलं, तर म्हणे, फोटो कोणीही काढतो.

आणि यादीत तिसऱ्या नंबरवर कोण? बियाणेवाल्या देवीलालचा पोरगा. दोनशे त्रेचाळीस किलोमीटर! देवसिंगनं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. घाटंजीच्या रस्त्यानं स्कूटीवर बसून, मनगटाला घड्याळ बांधून, माणूस पळेल इतक्याच चालीनं हा गडी गुरगुर करत चालला होता. तोंडात शिट्टी. त्याच्या अंगाला घामाचा टिपूस नाही, अन् ॲप त्याला रोज शाबासकी देत होतं. 

म्हणून आज त्यानं फर्मान काढलं होतं. "आज पळू नोको. पह्यले हे मशीन दुरुस्त करू. कायले फुकटचं रगत आटवते?" संगीता नाही म्हणत होती, पण बापापुढे तिचं चाललं नाही. सकाळच्या बसनं दोघं घाटंजीला आले. बाजाराचा दिवस. नंबर लागायच्या आतच मोबाईलवाला दुपारी जेवायला गेला तो चार वाजता डुलत आला.

"रिसेट मारा लागते," आता तो म्हणाला. "घड्याळ कोरं करू, नव्यानं जोडू. पाच मिनिटांचं काम."

"कोरं म्हणजे?" संगीतानं विचारलं. "आतले किलोमीटर?"

"ते जाईन. पण पुढचे येईन न बरोबर."

घड्याळ हातात घेऊन त्यानं बोट बटणावर ठेवलंच होतं. संगीतानं घड्याळ असं हिसकलं की पट्टा त्याच्या बोटाला ओरबाडून गेला. पंधरा दिवसांचं पळणं त्या डबीत होतं. अन् पुढचे कुठले? पुढे दीड तास होता.

"मंग घरी नेऊन पूजा करा त्याची," मोबाईलवाला म्हणाला, अन् दारातून बाहेर वाकून त्यानं पचकन पिचकारी मारली. देवसिंगच्या चपलेपासून चार बोटांवर. देवसिंग त्या लाल डागाकडे पाहत राहिला. मग पोरीच्या मागं निघाला. बाजारातून फिरून दोन दुकानं आणखी पाहिली. एक बंद होतं, दुसऱ्यानं हात वर केले.

बसस्टँडवर तांड्याकडे जाणारी शेवटची बस उभी होती. पाच पस्तीसला सुटणारी. संगीता खिडकीशी बसली, फोन मांडीवर घेतला अन् पुन्हा ते गोल फिरणारं चक्र पाहत बसली. काहीतरी चुकलं. पुन्हा. काहीतरी चुकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. देवसिंगला ते पाहवेना. तो बाहेर पाहू लागला, तर तिथंही एक म्हातारा खर्रा घोटत बसलेला. देवसिंगनं मान फिरवली.

कंडक्टर नंदाबाई तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून आल्या. या रस्त्यावर त्या चार वर्षं होत्या, तांड्याचे सगळे त्यांना ओळखत.

"काय व पोरी, रडते काहून?"

संगीतानं थोडक्यात सांगितलं. नंदाबाईंनी फोन हातात घेतला, डोळे बारीक केले, अन् म्हणाल्या, "काका, तुमच्या फोनमंदी पाच पंचेचाळीस कशे? माह्या मशीनमंदी पाच पंचवीस हाय."

"मुद्दाम ठेवले हाये," देवसिंग ताठ होऊन म्हणाला. "वीस मिनिटं पुढे. फोन, भिंतीवरचं घड्याळ, सगळं. तुमच्या गाडीचा काय भरोसा? मागच्या साली पाच मिनिटं आधीच सुटली, अन् पोरीची भरतीची चाचणी बुडाली. तवापासून एक गाडी चुकली नाई आमची."

नंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो काका! आमच्या मशीनची वेळ चुकली त डेपोत तिकिटं चढतच नाई. तिथलं मशीन घेतच नाई म्हणते. पह्यले वेळ बरोबर करा लागते, मंग सगळं सुरळीत. तुमचंबी तसंच असन. वेळ सेटिंगमंदी आपोआपवर टाक व, पोरी."

संगीताचं बोट सेटिंगमध्ये गेलं. आपोआप. फोनवरचे पाच शेहेचाळीस एका क्षणात पाच सव्वीस झाले. ॲप उघडलं. चक्र फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं. देवसिंग बाकाला धरून उठला. मग एकेक दिवस टपटप पडायला लागला, कुठे सात किलोमीटर, कुठे सहा, कुठे साडेसात. पुलाजवळ पाय मुरगळला होता त्या दिवसाचे चारसुद्धा आले. पंधराच्या पंधरा.

देवसिंग उठला होता तो पुन्हा बाकावर बसला. आनंदानं नाही. पंधरा दिवस त्यानं ॲपवाल्याला शिव्या घातल्या, सरांना घातल्या, मोबाईलवाल्याला, देवीलालच्या पोराला घातल्या, अन् घाण कोणाच्या खिशात होती? त्याच्याच. त्यानंच ती वीस मिनिटं स्वतःच्या बोटांनी पुढे सरकवली होती. आता मळमळ कोणावर काढायची?

"बापू," संगीता म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "एकशे सत्त्याण्णव पॉइंट सहा."

दोन पॉइंट चार कमी. आज सकाळी पळाली असती तर कधीच भरले असते. पळू नको कोणी म्हटलं होतं? त्यानंच.

नंदाबाईंनी मशीन पाहिलं. "पाच एकतीस. चार मिनिटांत घंटी मारा लागते मले. अन् तुमच्या तांड्यावर त टेकडीवर चढल्याबिगर नेटवर्क भेटत नाई."

संगीतानं बापाकडे पाहिलं. शेवटची बस. यानंतर तांडा अकरा किलोमीटर, पायदळ.

"पाह्यते काय!" देवसिंग ओरडला. "उतर खाली! पळ!"

तिनं चपला बसच्या दारातच काढल्या, ओढणी कमरेला बांधली, घड्याळाचं बटण दाबलं अन् बाजाराच्या गर्दीत घुसली. टमाट्याच्या ढिगाऱ्यांमधून, सायकलींमधून, बैलबंडीला वळसा घालून. कोणीतरी ओरडलं, "चोर हाय का बे?" देवसिंग तिच्या चपला अन् फोन हातात धरून खाली उतरला अन् बसच्या दाराशी उभा राहिला.

"काका, बसता का? मी लय थांबली त ड्रायव्हर बोंबलते," नंदाबाई म्हणाल्या.

"जा तुमी, बाई."

घंटी वाजली. बस धूर सोडून हलली. वर्षभर ज्या बससाठी त्यानं घरातली प्रत्येक घडी खोटी करून ठेवली होती, ती त्याच्या डोळ्यांदेखत वळण घेऊन निघून गेली, अन् त्यानं एक पाऊल उचललं नाही. त्याची नजर फोनवर होती. पाच चाळीस. पाच पंचेचाळीस. खरी वेळ किती भराभर पळते, हे त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदा कळत होतं.

पाच एकावन्नला ती दिसली. चेहरा लालभडक, पायांना चिखल, टाचेतून रक्त. येऊन त्याच्यासमोर वाकली, बटण दाबलं, अन् घड्याळ फोनला टेकवलं. चक्र फिरलं.  पाच चोपन्नला ॲपवर आकडा बदलला. दोनशे पॉइंट एक. खाली हिरव्या अक्षरांत 'मैदानी चाचणीसाठी पात्र', अन् तारीख.

ती मटकन खाली बसली अन् हसायला लागली. हसता हसता खोकला आला. देवसिंगनं नळावरून बाटली भरून आणली, तिनं अर्धी प्यायली, अर्धी पायांवर ओतली. मग इकडेतिकडे पाहिलं.

"बापू, बस गेली की आपली."

"गेली."

तो तिच्या शेजारी फरशीवर बसला. समोर तोच म्हातारा पन्नी घोटत होता, अन् तोच वास वाऱ्यानं इकडे येत होता. देवसिंगनं या वेळी रुमाल काढला नाही.

"संगे, मागच्या साली बस आधी नोती सुटली," तो म्हणाला. "टायमावरच सुटली. मी पानठेल्यावर खर्रा घोटून घेत होतो. दोन मिनिटं, दोन मिनिटं करत राह्यलो. तू बसमंदी चढतच होती, मले सोडून कशी जाऊ म्हणून उतरली. मी तुले खोटं सांगतलं. साऱ्या तांड्याले सांगतलं. एष्टीलेच शिव्या घालत राह्यलो."

संगीता टाचेचं रक्त ओढणीनं पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

"माईत हाय मले," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या तोंडाले वास येत होता."

 वर्षभर ही पोरगी त्याच्या वीस मिनिटं पुढच्या घड्याळाखाली जेवली, झोपली, पहाटे उठून पळाली, अन् एकदाही बोलली नाही.

"मंग बोलली काहून नाई?"

"दुसऱ्या दिवशी तुमी सारी पुडी चुलीत टाकली. तंबाखू, डबी, सगळं. याडी म्हणे, घर जाळतो का हा माणूस. मंग मी काय बोलू?"

तिनं त्याच्या हातातून चपला घेतल्या अन् घातल्या. टाचेला झोंबलं, तसा तिनं ओठ चावला. उठून उभी राहिली, अन् बापाला उठायला हात दिला.

"चाला. अकरा किलोमीटर हाय. अन् घरी गेल्यावर पह्यले भिंतीवरची घडी मागं घ्या."