प्रोग्रामची वाटणी

कडेगावजवळच्या साखर कारखान्यात कुणाचा ऊस आधी तोडायचा, हे पंच्याहत्तर सालापासून पुण्यातला कॉम्प्युटर ठरवू लागला. त्याला सांगायचं ते पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून. भोकं कारखान्यातला कारकून इमाम पाडायचा आणि कार्डांचा गठ्ठा घेऊन एस.टी.नं पुण्याला जायचा. त्या गठ्ठ्याला प्रोग्राम म्हणत.

अठ्ठ्याहत्तरला चेअरमन लालासाहेबांचा ऊस दर खेपेला पहिला तुटायला लागला, आणि आळ आला इमामवर.

"भोकं तूच पाडतोस," संचालक ज्योतिबा गरजला. "सभेत प्रोग्राम दाव, न्हाईतर घरी बस."

भोकं पाडणाऱ्यानं कार्डाच्या कोपऱ्यात सही करायची रीत होती, आणि गठ्ठ्यात मधेच घुसवलेल्या कार्डांवर दुसऱ्याची सही होती, त्यामुळं चोर इमामला ठाऊक होता: चेअरमनचा पुतण्या मानसिंग. पण ते नाव तोंडानं कोण घेणार? शेवटी त्यानं गोदामापुढच्या अंगणात अख्खा प्रोग्राम रांगोळीनं काढला. एकेका कामाचा एकेक चौकोन, डावीकडं पहिलं साल, उजवीकडं चालू. आपली कार्डं पांढरी, मानसिंगची गुलालानं भरलेली. डावीकडं सगळं पांढरं होतं. उजवीकडं मधोमध भलाथोरला गुलाल.

संचालक भोवती जमले.

"ह्यो गुलाल कुणाचा?" लालासाहेबांनी विचारलं.

"मानसिंगरावांचा, दादा."

लालासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "म्हंजी मोक्याचा तुकडा आपला! शाब्बास रं मानसिंग!"

"आवं, मग आमचा तुकडा कुटं हाय?" ज्योतिबा उसळला. "आमी काय आभाळातनं पडलो?"

झालं! कुणी पायानं बांध घातला, कुणी हद्दीचे दगड रोवले, कुणी साखळी आणून मोजणीला बसला. चोरीचं नाव कुणी काढलं नाही. सांजेला ठराव झाला: प्रोग्रामात प्रत्येकाची कार्डं घालायची, प्रत्येकाचा ऊस पहिला.

"इमामभाई, नकाशा लय झ्याक काढला," लालासाहेब म्हणाले. "तुमची नोकरी पक्की."

इमामला हायसं वाटलं. मग त्यानं अंगणात आपलं पांढरं शोधलं. ते तुडवून मातीत गेलं होतं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

नव्या प्रोग्रामात सगळ्यांचा नंबर एकच आला: पहिला. तोडणीच्या दिवशी सगळ्या बैलगाड्या एकदम गेटवर आल्या आणि रांग पार विट्याच्या रस्त्याला लागली. बैल एकमेकांच्या गाडीतला ऊस खात उभे राहिले. कुणी मागं सरेना.

पुण्याला निघालेली इमामची एस.टी. त्यांच्यातच अडकली. मांडीवर गठ्ठा घेऊन तो खिडकीशी बसून राहिला. गठ्ठ्यात त्याचं एकही कार्ड उरलं नव्हतं. नोकरी मात्र पक्की होती.