एका ओळीतला पत्ता

रक्तपेढीचं ॲप थोरल्या बहिणीनं तयार केलं होतं आणि आता धाकटी ते सांभाळत होती. भर दुपारी रक्तदात्यांची माहिती ठेवलेलं मशीन अखेरच्या घटका मोजू लागलं. दुसऱ्या मशीनवर ताजी नक्कल तयार होती, पण ॲप तिकडे वळवायचं कसं? धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं बहिणीला फोन लावला.

"ताई, सगळं ॲप नव्यानं लिहावं लागेल का गं?"

"छे. सेटिंगची फाईल उघड. डेटाबेसचा, म्हणजे माहितीच्या मशीनचा पत्ता मी फक्त तिथेच लिहिलाय. तो बदल आणि ॲप परत सुरू कर."

धाकटीनं नवा पत्ता लिहिला, पासवर्ड तपासला आणि बटण दाबलं. पडदा क्षणभर रिकामा झाला. मग एका प्रसूतिगृहाची मागणी उमटली, पाठोपाठ अपघात विभागाची, मग गावोगावच्या रुग्णालयांची, आणि प्रत्येकीपुढे रक्तदात्याचं नाव येत गेलं.

"चाललं का?"

"चाललं," धाकटी म्हणाली. इतकी रुग्णालयं एका ओळीनं वळली होती आणि कुणाला त्याची गंधवार्ताही नव्हती.

"ताई, असं होईल हे तुला तेव्हाच माहीत होतं?"

"कुठलं गं! एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहायचा कंटाळा मला."

धाकटी हसली, पण तिची नजर पडद्यावरून हलेना.