गाणं मुलाचं, गळा आईचा
शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात! सिडनीतल्या टूनगॅबीच्या सुहासिनीचं अगदी तेच झालं होतं. दुसऱ्याच्या पोरानं गणवेश घातला असता तर हिनेच पेढे वाटले असते. पण स्वतःचा मुलगा हृषिकेश युनिव्हर्सिटी सोडून ऑस्ट्रेलियन नेव्हीत भरती झाला आणि हिच्या घरात सुतक पडलं.

ट्रेनिंग संपवून तो आठवडाभर घरी आला होता. आता दूर उत्तरेला डार्विनला पोस्टिंग, रविवारी दुपारची फ्लाइट. सुहासिनी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. एअरपोर्टला मी येणार नाही, असं तिने ठणकावून सांगितलं होतं. त्याने एकदाच विनवून पाहिलं.

आणि याच बाईने पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी गाणं कोणतं निवडावं? अठराव्या वर्षी फासावर गेलेल्या क्रांतिकारकाचं, आईकडे निरोप मागणारं बंगाली गाणं. स्टेजवर निरोप, घरात अबोला. धन्य आहे!

गाणं शिकवत होती समोरच्या घरातली नुपूरदी. तिने बंगाली उच्चार घोटून घेतले, तरी गाणं काही बसेना. दुसऱ्या कडव्याला सुहासिनीचा गळा दाटायचा, डोळे वाहायला लागायचे. तिला वाटायचं, याहून चांगलं काय गायचं असतं?

रविवारी सकाळी नुपूरदीने पेटीचा भाता मिटला.

"सुहासिनी, ये गाना माँ का नहीं है," ती म्हणाली. "लड़का गा रहा है. और वो रो नहीं रहा."

सुहासिनीला आधी रागच आला. हिला काय जातंय बोलायला, हिची मुलगी तर दोन गल्ल्या सोडून राहते! पण रस्ता ओलांडेपर्यंत राग ओसरला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. आठवडाभर ती आपलंच रडगाणं गात बसली होती. पोराच्या मनात काय आहे, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

घरी तिचा नवरा संजीव गाडीत सामान ठेवत होता. हृषिकेश ओट्यापाशी उभ्याउभ्याच चहा पीत होता.

"भीती वाटते का रे?" तिने विचारलं.

"थोडी वाटते. पण मला जायचंय, आई." मग कप खाली ठेवून तो म्हणाला, "तू बोलत नव्हतीस ना, त्याची जास्त वाटत होती."

सुहासिनीला हुंदका आला. तो तिने गिळला, फ्रिजमधून दही काढलं, त्यावर चिमूटभर साखर घातली आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. लहानपणी परीक्षेला जाताना खायचा तसं त्याने ते एका दमात चाटून टाकलं आणि वाकून तिच्या पायांना हात लावला.

"ये जाऊन," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली. एअरपोर्टला तिलाही जायचं होतं.