काचेमागचा साचा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी साचा आहे. माझ्यावर कातडे ताणून बूट शिवतात. एका बाजूने मी जरा वाकडा आहे, पण हसू नका. त्या वाकडेपणासाठीच तर माझा जन्म झाला.

एका बूट-कारागिराच्या लेकीचे पाऊल जन्मापासून वाकडे होते. बाजारातला प्रत्येक बूट तिला चावायचा. शेवटी बापाने लाकूड तासून मला घडवले. माझ्यावर शिवलेला पहिला बूट घालून पोर जिना उतरली आणि खालूनच म्हणाली, "बाबा, दुखतच नाही." मी पडलो लाकूड, नाहीतर रडलो असतो.

बाप ज्या कारखान्यात कामाला होता, तिथे कारागिरांची एक रीत होती. साचा कुणीही घडवावा, खुंटीला टांगावा आणि ज्याला लागेल त्याने वापरावा. बापाने मलाही तिथेच टांगले. माझ्यावरचे बूट तशाच वाकड्या पायांच्या माणसांत हातोहात खपू लागले. मालक बापाची पाठ थोपटत, चहा पाजत. त्याच दिवसांत त्यांनी वकिलाकडून माझा आकार स्वतःच्या नावावर नोंदवून घेतला. खुंटीची रीत मालकांनाही लागू आहे, असे बाप धरून चालला होता. भाबडा बिचारा!

पुढे बापाने नोकरी सोडून घरीच दुकान थाटले आणि माझ्यासारखाच दुसरा साचा कोरला. दुखऱ्या पायांची माणसे लांबून येऊ लागली. मग एके दिवशी मालकांचे वकील आले. दुकान बंद करा आणि साचा आमच्या हवाली करा, असे त्यांनी अगदी गोड शब्दांत सांगितले.

"साहेब, पाय माझ्या लेकीचा," बाप म्हणाला, "मग आकार मालकांचा कसा?"

"पाय तिचाच आहे हो, काका. कागद मालकांचा आहे."

कोर्टात जायचे तर चांगला वकील हवा, आणि चांगला वकील मालकांकडेच होता. बापाने दुकान बंद केले, दुसरा साचा देऊन टाकला आणि तो पुन्हा कारखान्यात रोजावर शिवायला बसला. कारखाना वाढवायला मालकांनी शेजारची जागाही घेतली.

मी आता त्यांच्या कचेरीत काचेच्या कपाटात असतो. खाली पाटी आहे, 'आमचा शोध'. परवा ती लेक बापाचा डबा घेऊन आली होती. मला पाहून थबकली. तिच्या पायांत बाजारातला स्वस्त बूट होता आणि ती लंगडत होती. माझ्या आकाराचा बूट आता तिला परवडत नाही.

मित्रांनो, माझी काळजी करू नका, माझी धूळ रोज पुसतात. पण उद्या तुमच्यापैकी कुणी असे कागद लिहिणारा झाला, तर सही करण्याआधी एकदा खाली वाकून त्या पायाकडे बघा.