धरलेला माणूस

काही सेकंदांचा तो एक खेळ सुरू झाल्यापासून तिसऱ्या सेकंदाला चोपन्न नंबरच्या खेळाडूची डावी टाच जमिनीला लागली होती. रोलंड कुचेराने चित्र थांबवलं, एक चौकट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. मागच्या चौकटीत टाच वर होती आणि बुटातून सुटलेलं गवताचं पातं हवेत होतं. पुढच्या चौकटीत टाच खाली. जीव तोडून पळणारा माणूस टाच टेकवत नाही, तो चवड्यांवर असतो. बावीस वर्षं अमेरिकन फुटबॉलमधल्या लाइनबॅकरना, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणाऱ्या बचावपटूंना, शिकवताना कुचेराने कामचुकारपणाची ही एकच खूण मानली होती. त्याने वहीत त्या चोपन्न नंबरच्या, लॅमॉन्ट प्रूइटच्या नावापुढे सातवी उभी रेघ ओढली.

रविवारची दुपार होती. आदल्या दिवशीचा सामना ते हरले होते. कापणी झालेल्या मक्याच्या शेतांवरून येणारा वारा खिडकीची काच हलवत होता आणि कुचेराचा उजवा गुडघा टेबलाखाली त्याच लयीत हलत होता. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं तो कागदी पेल्यात थुंकत होता. पेला अर्धा भरला होता.

नियम सोपा होता. एका सामन्यात तीन टाचा झाल्या, की सोमवारी सगळे लाइनबॅकर मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पळत. जाऊन-येऊन दहा फेऱ्या. ज्याच्या टाचा, तो मात्र पळायचा नाही. त्याने रेषेवर उभं राहून फेऱ्या मोठ्याने मोजायच्या. आणि सलग तीन आठवडे तसं झालं, तर चौथ्या शनिवारी तो पहिल्या अकरांत नसे. लॅमॉन्टचे पाच आठवडे झाले होते. मुख्य प्रशिक्षक लिंडक्विस्ट दर सोमवारी संध्याकाळी शनिवारची नावं विचारायचे, आणि कुचेरा म्हणायचा, एक आठवडा द्या. लॅमॉन्ट शेवटच्या वर्षाला होता, संघाचा कर्णधार होता. त्याआधी चार वर्षांत त्याच्या नावापुढे सगळ्या मिळून नऊ रेघा होत्या. या पाच आठवड्यांत एकतीस.

दार वाजलं. मार्नी सोरेन्सन आत आली. खेळाडूंच्या पाठीवर, जर्सीच्या आत, काडेपेटीएवढं एक यंत्र बसवलेलं असे; त्यातले वेग आणि ठोके वाचणं हे तिचं काम.

"दुखापत नाही," ती बसण्याआधीच म्हणाली. "तुम्ही तेच विचारणार होतात."

"घोटा?"

"दोन्ही पाय सारखे टाकतोय. मंगळवारी सरावात ताशी वीस मैलांवर गेला. ऑगस्टमध्ये होता तसाच आहे."

"म्हणजे दमतोय."

"नाही, कोच." तिने टॅब्लेट त्याच्यापुढे सरकवला. "दमलेल्या माणसाची रेघ अशी हळूहळू उतरते. याची बघा. पूर्ण वेग, पूर्ण वेग, आणि मग कडा तुटल्यासारखी खाली. तो ब्रेक लावतोय. एवढ्या कमी अंतरात थांबायला पळण्याइतकीच ताकद लागते."

"मग ती ताकद पळायला लाव म्हणावं त्याला."

मार्नीने सात वेळांची नोंद असलेला एक कागद वहीजवळ ठेवला.

"तो ब्रेक लावून थांबला, त्या सात ठिकाणचे हे आकडे. मला खेळातलं कळत नाही. पण सातही वेळा तो चेंडूपासून चार-पाच यार्डांवरच थांबलाय. आळशी माणूस इतका नेमका नसतो."

ती गेल्यावर कुचेराने कागद वहीत घातला आणि वही मिटली.

*

सोमवारी तीन वाजता आठही लाइनबॅकर खोलीत आले. बैठकीची सुरुवात नेहमी एकाच फितीने होई. ऑगस्टमधला सराव, नऊ सेकंद. दुसऱ्या वर्षाचा वेस्ली डॅन्झ चेंडू काखेत घेऊन पळतोय. ऑगी पेल्झर त्याला कमरेला धरतो. वेस्ली पडत नाही, उभाच राहतो, पाय रेटत राहतो. आणि मग पडद्याच्या डाव्या कडेतून लॅमॉन्ट येतो, पंधरा यार्डांवरून, कुठेही वेग न कमी करता. चेंडू उडतो. फीत तिथे संपते.

"टाचा बघा," कुचेरा म्हणाला. दर सोमवारी तो एवढंच म्हणायचा.

पुढचे चाळीस सेकंद त्याने स्वतः कापले होते. त्यात शिट्टी होती, हसणं होतं, आणि मग हसणं थांबणं होतं. वेस्ली सप्टेंबरमध्ये कॉलेज सोडून घरी गेला. डोक्याला मार बसला होता. वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. कुचेरा एकदा त्याच्या घरी जाऊन आला होता, पहिल्या आठवड्यात.

फीत चालू असताना लॅमॉन्ट बुटाची नाडी बांधत होता. ती आधीच बांधलेली होती.

मैदानावर वारा आडवा होता. सात जण रेषेवर उभे राहिले. लॅमॉन्ट शिट्टी घेऊन बाजूला उभा राहिला. हेल्मेट त्याने गवतावर ठेवलं होतं, उचललं होतं, पुन्हा ठेवलं होतं.

"प्रू, आज जरा गोड आवाजात मोज," ऑगी म्हणाला. "मागच्या सोमवारी खेकसत होतास."

"तुझं पोट उतरलं ना पण," दुसरा कोणी म्हणाला.

"उतरलं तर. आई म्हणाली, हा कोणाचा मुलगा आणलास."

"कॅन्टीनमध्ये आज चिली आणि दालचिनी रोल. प्रूने त्याचा रोल मला द्यायचा."

"मागच्या वेळीही तुलाच दिला होता."

"दर वेळी. मी कुठे नाही म्हणतोय?"

"तोंडं बंद," कुचेरा म्हणाला.

शिट्टी वाजली. लॅमॉन्टने मोजलं, एक. पोरं परत आली, वळली, गेली. दोन. कुचेरा रेषेच्या टोकाला चालत होता. तो अशा वेळी उभा राहू शकत नसे. सहाव्या फेरीला ऑगीने वळताना हात जमिनीला टेकले, आणि लॅमॉन्टचा आवाज मध्येच थांबला.

"मोज," कुचेरा ओरडला.

"सहा."

"ऐकू येत नाही."

"सहा, कोच."

सातव्या फेरीनंतर लॅमॉन्ट त्याच्याजवळ आला. "उरलेल्या तीन मी पळतो. मी तीसही पळतो. त्यांना बसू द्या."

"तुला पळायला शनिवार होता."

ऑगी धापा टाकत जवळून गेला. "अरे जा ना, मोज. गप्पा मारत बसलास तर आम्ही गार पडू." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कोणाच्याच बोलण्यात नव्हता. लॅमॉन्ट रेषेवर परत गेला तो पावलं मोजत गेल्यासारखा.

कडेला मार्नी टॅब्लेट घेऊन उभी होती. कुचेरा तिच्यापर्यंत पोचला तेव्हा तिने पडदा त्याच्याकडे वळवला. आठ नावं, आठ आकडे. पळणाऱ्यांचे ठोके एकशे सत्तरच्या आसपास होते. आठव्या नावापुढे एकशे चौसष्ट होतं.

"हा कोण?" त्याने विचारलं.

"जो उभा आहे तो."

*

पाच वाजता मुलं जेवायला गेली. सहा वाजता लिंडक्विस्टना नावं हवी होती. कुचेराने वहीतला कागद काढला आणि ते सात खेळ एकापाठोपाठ लावले. या वेळी त्याने पायांकडे पाहिलं नाही. लॅमॉन्ट कशाकडे पळतोय, ते पाहिलं.

पहिल्यात चेंडूवाल्याचा एक पाय कोणीतरी धरला होता. दुसऱ्यात ऑगीने त्याला मागून मिठी मारली होती. तिसऱ्यात दोघांनी धरलं होतं. कुचेराने चौथा लावला, पाचवा लावला. सातही वेळा माणूस आधीच कोणाच्या तरी हातात होता आणि अजून उभा होता. जिथे तो मोकळा होता, तिथे लॅमॉन्टने कुठेच वेग कमी केला नव्हता. अशा दोघांना तर त्याने एकट्याने पाडलं होतं.

त्याने त्याआधीच्या सामन्याची फीत काढली. मग त्याच्याही आधीची. अकरा खेळ पाहून झाल्यावर त्याने लॅमॉन्टला निरोप धाडला.

लॅमॉन्ट आला, पण बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"धरलेल्या माणसावर तू जात नाहीस," कुचेरा म्हणाला.

लॅमॉन्टने भिंतीवरच्या थांबलेल्या चित्राकडे पाहिलं.

"मुद्दाम?"

"सुरुवातीला नाही. पाय आपोआप थांबायचे. मलाही तुमच्यासारखंच वाटायचं, की मी आळशी झालोय. जास्त पळत होतो, सकाळी पाचला उठून. तरी तिथे आलं की थांबायचे."

"आणि आता?"

"आता आधीच कळतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

कुचेराने पेल्यात टरफल थुंकलं. "शिट्टी वाजेपर्यंत खेळ चालू असतो, असं म्हणालो असतो."

"तेच. आणि ते खरंच आहे."

बाहेर कोणीतरी व्हॅक्यूम लावला होता. त्याचा आवाज दाराजवळ येऊन पुन्हा लांब गेला.

"मी रविवारी वेस्लीकडे जातो," लॅमॉन्ट म्हणाला. "नव्वद मैल आहे, सामना इथे असला की जमतं. त्याला अजून पडदा बघवत नाही. आम्ही दोघं मृदाशास्त्राच्या एकाच वर्गात होतो ना, तर मी त्याला टिपणं वाचून दाखवतो. वीस मिनिटं ऐकतो, मग म्हणतो बास. त्याला तो दिवस आठवत नाही. मला विचारतो, मी कसा पडलो रे, चेंडू तरी धरून ठेवला होता का?"

"तू काय सांगतोस?"

"धरून ठेवला होता, असं सांगतो."

कुचेरा उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. ती फीत त्याने अकरा सोमवार दाखवली होती. या खोलीत, या मुलासमोर. जे करता येण्यासारखं होतं, तेवढं तो बोलला.

"ती फीत मी काढून टाकतो. आणि धरलेल्या माणसाच्या वेळच्या टाचा मी मोजणार नाही. ही सूट फक्त तुला. पोरं पळणार नाहीत. शनिवारी तू सुरुवातीपासून खेळशील."

बावीस वर्षांत त्याने कोणासाठी एकही रेघ खोडली नव्हती. स्वतःच्या भाच्यासाठीही नाही. त्याला वाटलं होतं, लॅमॉन्टच्या खांद्यांवरून काहीतरी उतरेल. लॅमॉन्टने खुर्ची ओढली आणि बसला. त्याचा चेहरा आजारी माणसासारखा झाला.

"परवा शनिवारी, तिसऱ्या सत्रात," तो म्हणाला, "त्यांचा तो उंच पोरगा चेंडू घेऊन ऑगीच्या हातातून सुटला. मी चार यार्डांवर उभा होतो. बघत होतो. तो तीस यार्ड पळाला आणि आपण तिथे हरलो. ऑगीने मला हेल्मेटवर टपली मारली, म्हणाला, माझा हात घसरला."

"त्याचा हात घसरलाच होता."

"कोच."

"बरं."

"तुम्ही पोरांना पळवत होतात ना, तोवर मला वाटायचं, शिक्षा चालू आहे म्हणजे मी अजून खेळाडू आहे. म्हणजे एक दिवस बरा होईन. आज तुम्ही म्हणता, मोजणार नाही. मोजणार नाही म्हणजे तुम्हालाही कळलं."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"माहीत आहे. चांगल्या मनाने म्हणालात."

कुचेराचा गुडघा हलायचा थांबला होता. त्याने तो हाताने दाबून धरला होता. "मे महिन्यात तुझी पदवी आहे," तो म्हणाला. "आत्ता काही केलंस तर शिष्यवृत्ती जाईल. उरलेल्या सत्राची फी कुठून भरशील? आईला सांगितलंस?"

"अजून कोणालाच नाही."

"मग आजही सांगू नकोस. एक आठवडा घे. मी लिंडक्विस्टना सांगतो, घोटा आहे. कोणी विचारणार नाही."

"मी पाच आठवडे तेच करतोय. एक आठवडा घेतोय."

टेबलावरचा फोन वाजला. सहाला दहा मिनिटं कमी होती, पण लिंडक्विस्ट नेहमीच लवकर असत. कुचेराने तीनदा वाजू दिला आणि उचलला.

"नावं," पलीकडून आवाज आला, खोलीत दोघांनाही ऐकू येईल एवढा. "आणि प्रूइटचं काय ठरलं? या वेळी एक आठवडा नको सांगू, रोलंड."

कुचेराने लॅमॉन्टकडे पाहिलं. त्याला थांबवायला कुचेराने मान हलवली, नको, आज नको, असं. फोन कानाला तसाच होता. "मी पाच मिनिटांत..." तो म्हणू लागला.

लॅमॉन्ट उठून उभा राहिला. त्याने हात पुढे केला, आणि कुचेराने काही न ठरवता फोन त्याच्या हातात दिला.

"कोच लिंडक्विस्ट, मी लॅमॉन्ट बोलतोय," तो म्हणाला. "मी खेळणं सोडतोय."