साक्षीला उभी राहिलेली तबकडी

जुनी म्हणा, गंजकी म्हणा. पण भंगार म्हणाल तर याद राखा, मित्रांनो! अरबी मुलखातल्या धोफारच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या एका गावात हवामान ठाणं आहे. त्याच्या छपरावरची, हवेतले संदेश टिपणारी वाकड्या मानेची तबकडी ती मीच. मान वाकडी झाली ती कामानं, आळसानं नव्हे.

माझा जन्म थंड मुलखातल्या कारखान्यात झाला. पेंढ्यात गुंडाळून जहाजानं मला इथे आणलं आणि बखीत नावाच्या निरीक्षकानं छपरावर बसवलं. रोज पहाटे तो एक पांढरा फुगा सोडायचा. फुग्याला छोटी डबी बांधलेली असायची. वर जाता जाता ती हवेची उष्णता, ओल आणि दाब सांगायची, आणि मी मान वळवत वळवत तिचं ऐकायची. माझी मान कुठे वळली यावरून वारा कळायचा. शेवटी फुगा फुटायचा आणि डबी समुद्रात बुडायची. तिचं कौतुक कुणी केलं नाही. माझं मात्र झालं. बखीत माझ्यावरचा खार गोड्या पाण्यानं पुसायचा, आणि त्या गावात गोडं पाणी कुणी उगाच सांडत नसे.

धुक्याच्या महिन्यांत बखीतच्या शब्दाशिवाय होडी सुटत नसे. त्याचा मेहुणा सुहैल दारातूनच ओरडायचा, "काय हो दाजी, काय म्हणते तुमची छपरावरची बायको? जाऊ का समुद्रात?"

"घरी बस म्हणते. दाट धुकं उतरणार आहे."

"माझ्या बहिणीपेक्षा हिचंच जास्त ऐकता राव तुम्ही!"

"बहीण तुझी हवा सांगत नाही. नुसती तापते."

असे माझे दिवस होते, मित्रांनो. मग बखीतची लेक तुफूल परदेशी शिकून आली, ती एका उपग्रहाचे गोडवे गातच.

"बाबा, दिशा दाखवणारा उपग्रह पृथ्वीच्या काठाआड मावळतो ना, तेव्हा त्याचा संदेश हवेतून वाकून येतो. पलीकडे आमचा छोटा उपग्रह असतो. संदेश किती वाकला ते तो मोजतो. त्यावरून हवा किती तापलीय, किती ओली आहे, सगळं कळतं. रेडिओ ऑकल्टेशन म्हणतात त्याला."

"नावानंच दात दुखले. म्हणजे मावळता सूर्य पाण्यावर चपटा दिसतो, तसंच?"

"अगदी तसंच! तीही हवेचीच करणी."

"मग माझ्याकडे काय काम काढलंस?"

"साक्ष हवी. आमचा उपग्रह इथली हवा मोजेल, तेव्हाच तुम्ही फुगा सोडायचा. दोघांचं जुळलं, की माझं काम सिद्ध झालं."

झालं! म्हातारपणी मला साक्षीला उभं केलं. आणि खोटं कशाला बोलू? उंचावरच्या हवेत त्याचं नि माझं बोलणं छान जुळलं. ढग असो, भर समुद्र असो, तो मोजतोच. शिवाय त्याचा सारा भरवसा कधी न चुकणाऱ्या घड्याळावर. म्हणून आजचं माप पुढे कित्येक वर्षांनीच्या मापाशेजारी ठेवता येतं आणि पृथ्वी किती तापली ते ताडता येतं. माझ्या डब्यांची घडण मात्र सारखी बदलायची. गुणाला गुण म्हणण्याइतकी मी घरंदाज आहे.

पण आमचा समुद्र धुक्याच्या महिन्यांत गार पडतो, आणि वाळवंटाची तापलेली हवा त्याच्यावर झाकणासारखी बसते. झाकणाखाली सापडलेला संदेश धड बाहेर येत नाही. मग तळची हवा ओलीचिंब असली तरी उपग्रह तिला कोरडी ठरवतो. वारा तर तो सांगतच नाही. हे सगळं तुफूलला ठाऊक होतं. माझे आकडे त्याच्या आकड्यांशी ताडून तिनंच तर ते शोधलं होतं.

राजधानीतल्या बड्या कचेरीत दाखवायचं चित्र तिनं बापापुढे ठेवलं.

"दोन्ही रेघा अगदी एकीवर एक," बखीत म्हणाला. "पण चित्र मधूनच कसं सुरू होतं? खालचं कुठे गेलं?"

"कापलं. खाली रेघा फाटतात. साहेबलोक तेवढंच धरून बसतात आणि चांगलं काम बुडवतात. प्रबंधात लिहिलंय मी सगळं."

"खालीच तर माणसं राहतात, पोरी."

"बाबा, तुम्हाला नाही कळायचं त्या कचेरीतलं."

बखीतनं तिला कहवा ओतून दिला. बापाची जात! मला तोंड असतं तर मी चार शब्द सुनावले असते.

कचेरीनं टाळ्या वाजवल्या. तुफूलला तिथेच जागा मिळाली. आणि एका शहाण्यानं विचारलं, दोघं एकच सांगतात, तर फुगे हवेत कशाला? प्रबंध कुणी उघडला नाही. ठाण्याला कुलूप लागलं. गरज सरली आणि वैद्याला जिवंतपणीच पुरलं.

तुफूल धावत घरी आली. "बाबा, ठाणं बंद करा असं मी म्हटलं नव्हतं हो!"

"नव्हतंस म्हटलं," बखीत म्हणाला. "खजूर घे."

पुढच्या वर्षी धुक्याचे दिवस आले. सुहैल ठाण्यावरून जाताना म्हणाला, "दाजी, तुमची बायको मुकी झाली. आता मोबाईललाच विचारतो." मोबाईलनं उपग्रहाच्याच आकड्यांवरून आभाळ निवळ सांगितलं. तो गेला. दिवस वर येण्याआधी धुकं उतरलं, होडी खडकावर फुटली, आणि सुहैलचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

माझ्या फुग्यानं ते धुकं नक्की सांगितलं असतं का? मित्रांनो, मी बढाईखोर आहे, लबाड नाही. मला ठाऊक नाही. पण आधी निदान विचारायला कुणीतरी होतं.

तुफूल मामाला भेटायला आली. खाटेवरून तो म्हणाला, "ये भाची. तुझा उपग्रह लई लांबचं बघतो म्हणे. माझी होडी तेवढी शोधून दे."

ती रडली. मग पुरं चित्र घेऊन, खालच्या फाटक्या रेघांसकट, कचेरीत गेली. परत येऊन बापाच्या दारात उभी राहिली. आत जाईना.

"काय म्हणाले साहेब?" बखीतनं विचारलं.

"म्हणाले, मुद्दा बरोबर आहे. पण हे आकडे जुने झाले. तळची हवा उपग्रह चुकीची सांगतो, हे यंदाच्या फुग्यांवरून दाखवा. मग ठाण्याचं बघू."

"यंदाच्या फुग्यांवरून," बखीत म्हणाला, आणि हसला. त्याचं ते हसणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, दोन साक्षीदार एकच बोलले म्हणून त्यांतल्या एकाला घरी धाडू नका. दोघांचं जुळतं हे कळलं, ते दोघं होते म्हणून. उपग्रहावर माझा राग नाही. तो बिचारा इमानानं मोजतोच आहे. पण आमच्या किनाऱ्यावर आता तो चुकला, तरी बरोबरच ठरेल.