कापलेला सांधा

या, थोडे जवळ सरकून बसा. टाळ मांडीवरच राहू द्या, वाजवायला अजून वेळ आहे. कोणत्याही पोथीत न सापडणारी एक कथा सांगायची आहे. तिच्यात देव कुठे येतो ते तुमचं तुम्ही ओळखा.

देवीलाल आडेने कमरेचा रेटा देऊन गाडीचं मागचं दार ढकललं. ते लागलं नाही. त्याने दार उघडलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा ढकललं. वरचा कोपरा चौकटीला टेकला आणि बोटभर फट ठेवून दार तिथेच अडलं. तो पलीकडे गेला. त्या बाजूचं दारही तिथेच अडलं.

"काँई वेगो, बा?" गाडीखाली शिरायच्या खड्ड्याजवळ बसलेल्या जयाने त्यांच्या बंजारा बोलीत, काय झालं म्हणून, विचारलं.

खिशातला रुमाल काढून देवीलालने कोरडंच कपाळ पुसलं.

गुरुवारची दुपार होती. पांढरकवड्याच्या बाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेला लागून देवीलालचं टिनाचं गॅरेज होतं. बत्तीस वर्षं तो ट्रकच्या मोडक्या चेसी, म्हणजे खालचे लोखंडी सांगाडे, जोडत आला होता. नागपूर ते आदिलाबादच्या पट्ट्यात वाकलेली चेसी म्हटली की ड्रायव्हर त्याचंच नाव घेत. आयटीआय करून आलेली त्याची लेक जया सात वर्षांपासून त्याच्याच शेडमध्ये वेल्डिंग करायची. पण तिच्या वाट्याला खिडक्यांच्या जाळ्या, शेताची फाटकं आणि कूलरचे स्टँड. चेसीपाशी गिऱ्हाईक तिला येऊ देत नसे, आणि देवीलालनेही त्यावरून कधी कुणाशी वाद घातला नव्हता.

आज खड्ड्यावर घेतलेली गाडी मात्र ट्रक नव्हती. ती पस्तीस वर्षांची काँटेसा होती. लांब नाक, रुंद पाठ, रंग डाळिंबासारखा. मालकीण दारव्ह्याच्या विमलताई. ऐंशी एकरांच्या कास्तकारीण, वय सहासष्ट, आणि गाडी स्वतः चालवणाऱ्या. गावच्या सप्ताहाला कीर्तनकार बुवांना यवतमाळहून आणायचं, ते याच गाडीतून आणि विमलताईंनीच, असा तेवीस वर्षांचा शिरस्ता होता. त्यांच्या पुतण्याने, रजतने, हौसेने तिच्यात भलंमोठं इंजिन बसवलं आणि तेव्हापासून गाडीचं अंग ढिलं पडलं. रस्त्यातल्या खड्ड्यात चाक गेलं की दारं करकरत. समोरची काच दोनदा तडकली. तीन गॅरेजवाल्यांनी सांगितलं, भंगारात काढा.

"तीन डाक्टरांनी हात टेकले, अन् चौथा वैदू भेटला," कडुनिंबाखाली टायरवर बसलेला डोंगरसिंग सोमवारी म्हणाला होता. त्याच्या ट्रकचा स्प्रिंगचा पाटा दुरुस्तीला आला होता आणि दुसरा उद्योग नव्हता. "देवीलाल, ही गाडी आहे का बाज? चाऱ्ही कोपऱ्यानं कुरकुरते!"

"चेसी मले समजते," देवीलाल म्हणाला होता. "शनिवारी दारं एका बोटानं लागतीन. नाही लागली तं हे शटर पाडून टाकीन."

विमलताई खूष झाल्या होत्या. रविवारी बुवा यायचे होते. निघताना त्या जयाकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "भाऊ, काम तुमच्याच हातचं पाहिजे बरं. पोरीच्या हाती देऊ नका. तिचं चांगलंच असंन, पण ही गाडी नाजूक आहे."

"नाही देत ताई," देवीलालने शब्द दिला होता.

घोळ झाला तो त्याच्या हुशारीनेच. ट्रकला खाली लोखंडाचा वेगळा सांगाडा असतो, बाकी सगळं त्यावर मांडलेलं. तो सांगाडा दोन टोकांना घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, ठेवायचा, मधली जागा मोकळी करायची आणि निवांत वेल्डिंग करायचं, हीच इथली रीत. काँटेसाला वेगळा सांगाडा नव्हताच. पत्राच तिचं हाड आणि पत्राच कातडं. देवीलालने रीतीप्रमाणे तिलाही दोन्ही टोकांना घोड्या लावल्या, आड येतात म्हणून दारं उतरवली आणि तळाला पुढून मागे दोन जाड चौकोनी पाईप सलग जोडून टाकले.

मंगळवारी जया म्हणाली होती, "बा, दारं नका काढू. चाकावरच उभी राहू द्या. हिचं पोट खाली लोंबून राह्यलं."

"घोडीवर घेतल्याबिगर वेल्डिंग करतो का कोणी?"

ती आपल्या जाळ्यांच्या कामाकडे वळली होती. आता ते लोंबलेलं पोट तसंच पक्कं झालं होतं. गाडी कधी नव्हती इतकी मजबूत होती, आणि वाकडी होती.

"झालं का रे?" बाहेरून डोंगरसिंगने आवाज दिला.

"होऊन राह्यलं," देवीलाल म्हणाला. त्याने शेडचं शटर अर्धं खाली ओढलं.

जया गाडीखाली वाकली. तळहात पाईपवरून पुढून मागे नेला, उठली आणि ग्रायंडर घेण्यासाठी हात पुढे केला. देवीलालने तो दिला नाही.

"माह्या हातचं आहे. मीच कापतो."

खड्ड्यात उतरून त्याने डोळ्यांवर चष्मा चढवला. बत्तीस वर्षांत स्वतःचा सांधा कापायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. ठिणग्या छातीवर पडत राहिल्या. एका बाजूचं कापून झालं तेव्हा वर गाडीने एक लहानसा आवाज केला, अवघडून बसलेल्या माणसाने पाय मोकळे करावेत तसा. दुसरी बाजू कापून तो वर आला आणि वेल्डिंगचा होल्डर त्याने जयाच्या हाती ठेवला.

"तुमी ताईले शब्द देल्ला," ती म्हणाली.

"देल्ला. तू कर."

जयाने घोड्या काढून गाडी चारही चाकांवर खड्ड्यावर उभी केली. दारं चढवली, लावली, फटी काडीने मोजल्या. जॅकने पोट मधोमध अलगद उचलून धरलं आणि सगळ्या फटी सारख्या झाल्यावरच ती खाली उतरली. शुक्रवारी सकाळपासून तेच पाईप पुन्हा जोडायचं तिचं काम सुरू झालं. डावीकडे बोटभर टाका. थांबायचं. मग त्याच्या बरोब्बर समोर, उजवीकडे बोटभर. पुन्हा थांबायचं. हात लावून लोखंड थंड झालंय का पाहायचं. देवीलाल वर स्टुलावर बसून होता. दोन तास त्याने हे पाहिलं.

"सलग कामून नाही मारत? दिवस जाईन असा."

"सलग मारलं तं तापून एकीकडे ओढते," खालून आवाज आला. "मृदंग लावता तवा तुमी काय करता? एक गठ्ठा ठोकला का त्याच्यासमोरचा ठोकता. शेजारचा नाही."

देवीलाल तांड्याच्या सप्ताहात मृदंग वाजवायचा. लहानपणी जया त्याच्यासमोर बसून हातोडी पुढे करायची. वादीखालचा एक लाकडी गठ्ठा इकडचा, एक तिकडचा. नाहीतर कातड्याची पुडी एका बाजूला ओढली जाते आणि नाद फुटतो. हे त्यानेच तिला कधीतरी सांगितलं असणार. त्याला आठवेना. तो स्टुलावरून उठला, पाण्याची बाटली भरून आणली, खड्ड्याच्या काठावर ठेवली आणि पुन्हा बसला. मध्येच त्याची बोटं गुडघ्यावर चालू लागली. डावी. उजवी. थांब. डावी.

संध्याकाळी दोन्ही पाईपांना जोडणारी आडवी पट्टीही लागली. मग जयाने तळाला उरलेल्या जुन्या सांध्यांच्या खुणा घासून गुळगुळीत केल्या आणि सगळ्यावर काळा रंग मारला. खाली पाहणाऱ्याला एकच सलग काम दिसलं असतं, देवीलाल उस्तादाच्या हातचं. हात धुताना देवीलाल बराच वेळ साबण चोळत राहिला.

शनिवारी नऊच्या एसटीने विमलताई आल्या. पदर खोचून त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. देवीलालने पुढच्या डाव्या चाकाजवळ जॅक लावला आणि चाक जमिनीवरून वीतभर वर उचललं. ढिल्या अंगाची गाडी अशी एका कोपऱ्याने उचलली की पिळते आणि दारं अडतात.

"आता मागचं दार लावा, ताई."

विमलताईंनी एक बोट लावलं. टक. दार बसलं. त्यांनी ते उघडलं, पुन्हा लावलं. टक. डोंगरसिंग टायरवरून उठून जवळ आला. त्यानेही एकदा लावून पाहिलं, मग पुन्हा एकदा.

"वा भाऊ!" विमलताईंचा चेहरा उजळला. "याले म्हंते हात. म्हणून तं मी म्हटलं होतं, हे काम पोरीसोरीचं नाही."

जया स्वच्छ पाना पुन्हा पुसत होती.

"हो काकू," ती म्हणाली. "बानंच केलं."

देवीलालने जॅक उतरवला. कोपऱ्यातल्या डब्यात फडकं बुडवलं, पिळलं.

"ताई, खाली याल का जरा? पायऱ्या आहेत."

"खड्ड्यात? मी?"

"तुमची गाडी आहे. खालून पाह्यली पाहिजे."

"बा," जया म्हणाली, "कायले उगाच? काकूचं लुगडं खराब होईन."

पण विमलताई उतरल्याही होत्या. देवीलालने मोबाईलचा टॉर्च लावला आणि थिनरचं फडकं पाईपच्या कडेवर घासलं. कालचा रंग पुरता सुकला नव्हता. तो सरसर निघाला. खाली घासून सपाट केलेली एक रुंद, करडी पट्टी दिसू लागली.

"हा माहा सांधा. गुरुवारी मारला, गुरुवारीच कापला. गाडी वाकडी केलती मी." त्याने टॉर्च पुढे सरकवला, फडकं पुन्हा फिरवलं. एका ओळीत बोटबोटभर टाके चमकले, कणसावरच्या दाण्यांसारखे. "अन् हे तिचे. या बाजूले एकवीस, त्या बाजूले एकवीस. मोजून घ्या. त्याच्यातला एकबी माहा नाही."

त्याचा आवाज खड्ड्यात घुमला. गुन्हा कबूल करणाऱ्याचा तो आवाज नव्हता. सुनेच्या अंगावरचे दागिने पाहुण्यांना दाखवणाऱ्या सासूचा असतो, त्यातला होता.

विमलताईंनी टाक्यांवर बोट ठेवलं आणि एकेकावरून पुढे नेलं. बरंच अंतर गेल्यावर त्या थांबल्या.

"पह्यल्या वर्षी मी बुवाले आणाले गेलती," त्या म्हणाल्या, "तं लोकं म्हणे, बुवा, उतरा, बाई चालवून राह्यली."

"मग? उतरले?" देवीलालने विचारलं.

"नाही उतरले. डोळे मिटून घेतले अन् नामस्मरण सुरू केलं. यवतमाळ ते दारव्हा. एकदाबी डोळे उघडले नाहीत!"

वर काठावर उभी असलेली जया फिसकन हसली. विमलताईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हसता हसता त्या थांबल्या.

"मी तुह्या बापाले काय सांगतलं होतं, ऐकलं असंन तू."

"ऐकलं, काकू."

"त्यानं माहं ऐकलं नाही, बरं झालं." त्यांनी वर येण्यासाठी हात पुढे केला, देवीलालकडे नव्हे, जयाकडे. "आता उघडं पाडलं ते रंगवून दे. जंग लागंन."

जयाने रंगाचा डबा आणला. ती खाली रंगवत होती तोवर विमलताई खड्ड्याच्या काठावरच बसून राहिल्या. गाडी निघाली तेव्हा देवीलाल हायवेपर्यंत चालत गेला. नाक्यावरच्या गतिरोधकावरून ती गेली, पुढचं चाक, मग मागचं. तो कान देऊन उभा होता. करकर आली नाही. डोंगरसिंगने काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही.

रविवारी दारव्ह्याला कीर्तन रंगलं. बुवा प्रवासात झोपले होते म्हणे, चक्क घोरत.

तर मंडळी, कीर्तन संपलं की आपण बुवांच्या पाया पडतो, मृदंगवाल्याकडे पाहून मान डोलावतो आणि चपला शोधायला लागतो. बुवा ज्या गाडीतून सुखरूप आले तिच्याखाली कोण राबलं होतं, हे कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी पायात चपला घालण्याआधी क्षणभर थांबा. जया देवीलाल आडे, पांढरकवडा. तेवढं नाव मनात घ्या, मग जा.